पहिले साठ फूट

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ टायरवर हात फिरवून गाडीच्या मालकाचा स्वभाव सांगायचा. गिऱ्हाईक अजून गाडीतून उतरलेलंही नसायचं आणि हा चाकाजवळ उकिडवा बसून पुटपुटायचा, "ह्यांचं घरी कुणी ऐकत नाही. सगळा राग ब्रेकवर निघतो." एकदा एका बाईंच्या गाडीचा डावा टायर बघून त्यांना म्हणाला, "तुमचे साहेब शेजारी बसून सूचना देतात का हो?" बाई आधी चपापल्या, मग इतक्या हसल्या की दुकानाचा मालक आतून बाहेर आला. मालकाला हसणं चालायचं नाही. तो म्हणाला, "भविष्य नंतर सांग. चाक काढ."

त्याला सगळे हवामामा म्हणायचे. मामा तो माझ्या मुलांचा. पुढची हवा पेट्रोल पंपावर लागली. नववीत असताना त्याचे वडील गेले, शाळा सुटली आणि पंपावर गाड्यांत हवा भरायचं काम मिळालं. तिथून तो टायरच्या दुकानात आला आणि त्या एका दुकानात त्याने एकतीस वर्षं काढली. दुकान म्हणजे एक लांबट खोली, रस्त्याच्या बाजूने पूर्ण उघडी. एका भिंतीला छतापर्यंत टायर रचलेले, दुसऱ्या भिंतीला कॉम्प्रेसर, मधे पंक्चर शोधायची पाण्याची टाकी. काळ्या रबराचा वास त्याच्या अंगाला इतका मुरला होता की तो आमच्याकडे आला की दार उघडायच्या आधीच माझी बायको म्हणायची, "आला आमचा दादा." धाकटा असूनही ती त्याला दादा म्हणायची.

त्याच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे असं मला वाटत नाही. पण दुसरं कुणी लिहील अशी चिन्हं दिसत नाहीत, आणि एक गोष्ट माझ्याशिवाय कुणाला नीट ठाऊक नाही.

आयुष्यात त्याने स्वतःहून निवडलं असं फार थोडं होतं. नोकरी मिळाली ती धरली. लग्न ताईने, म्हणजे माझ्या बायकोने, ठरवलं. भाड्याच्या दोन खोल्या मालकाच्या ओळखीने मिळाल्या. एकच मुलगी झाली आणि ती लग्न होऊन लांब गेली. स्वतःहून निवडलेली गोष्ट म्हणजे ती गाडी. एका गिऱ्हाइकाने टायर बदलायला आणलेली, जुनी, चार दारांची. तिचं इंजिन पुढे असलं तरी ताकद मागच्या चाकांना जायची. गिऱ्हाईक म्हणालं, "टायर गाडीपेक्षा महाग पडतायत, राहू दे." हवामामाने ती घेतली आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली झोपून काढली.

शहराबाहेर एक जुनी धावपट्टी होती. विमानं उतरणं केव्हाच बंद झालेलं. एक मोटार क्लब महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिथे शर्यती लावायचा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ पाव मैल पळवायच्या, शेवटी हातात वेळेची चिठ्ठी. हवामामा पहिल्यांदा तिथे गेला तो कुणाचा तरी टायर बसवायला. परत आला तेव्हा त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

"दाजी," तो मला म्हणाला, "एवढी मोठी इंजिनं आणि सगळी जागच्या जागी ओरडतायत. चाकं फिरतायत, गाडी हलत नाही. धूर नुसता. लोक टाळ्या वाजवतायत त्या धुराला!"

"मग?"

"मग काय! ताकद सगळ्यांकडे आहे. पकड एकाकडेही नाही."

पकड म्हणजे रस्त्यावर टायर किती घट्ट बसतो ते. हा त्याचा विषय होता. जन्मभर तळहाताने केलेला अभ्यास त्याला कधी उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नसावं. पुढच्या महिन्यात तो आपली गाडी घेऊन गेला. क्लबच्या अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता आणि दोन सभासदांच्या सह्या लागायच्या. त्याला सह्या मिळाल्या नाहीत. त्याचं नाव 'बाहेरचा स्पर्धक' म्हणून लिहिलं गेलं आणि नऊ वर्षं तसंच लिहिलं जात राहिलं. त्या नऊ वर्षांत निम्म्या सभासदांनी त्याच्याकडून टायरची हवा ठरवून घेतली असेल.

त्याची रीत साधी होती, पण लोकांना ती विचित्र वाटायची. सकाळी सगळ्यांच्या आधी तो चालत धावपट्टीवर जायचा आणि सुरुवातीच्या रेषेपाशी गुडघे टेकून डांबरावर तळहात ठेवायचा. एका जागी, मग वीतभर पुढे, मग अजून पुढे. कुठे आधीच्या गाड्यांचं रबर चिकटून जमीन चिवट झाली आहे आणि कुठे वाळू आहे हे तो हाताने बघायचा. लोक म्हणायचे, "मामा, हरवलं काय?" तो म्हणायचा, "अजून सापडलंच नाही, हरवेल कुठून!"

मग हवा. पुढच्या चाकांत छत्तीस पौंड, म्हणजे टणक, की ती हलकी घरंगळावीत. मागच्या चाकांत चोवीस, म्हणजे टायर जरा पसरून बसतो. ऊन चढलं की बावीस. इतरांनी वजन कमी करायला मागचा जादा टायरसुद्धा काढलेला असायचा. हा मात्र तो डिकीत ठेवून यायचा. "पुढचं हलकं करा की," म्हणायचा, "ढकलणारी चाकं मागची आहेत, त्यांच्यावर कुणीतरी बसायला नको का?"

रेषेच्या अलीकडे पाणी टाकलेलं असायचं. मोठ्या गाड्या त्या पाण्यात चाकं फिरवून टायर तापवायच्या. हवामामा पाण्याला वळसा घालून जायचा. ह्यावरून त्याची फार थट्टा व्हायची. पण त्याचं म्हणणं असं, की शर्यतीचे टायर गुळगुळीत असतात, त्यांना ते चालतं. आपले रस्त्यावरचे टायर खाचांचे. त्या खाचांत पाणी भरून बरोबर येतं आणि गाडी रेषेवर उभी राहिली की थेंब थेंब नेमकं चाकाखाली गळतं. तो कोरड्यावर दोन क्षण चाकं फिरवायचा, टायरवरची धूळ उडण्यापुरतीच, आणि रेषेवर यायचा.

आणि सुटणं. ते मी शेकडो वेळा जवळून बघितलं आहे. बाकीचे इंजिनाला पार किंचाळायला लावायचे आणि क्लचवरून पाय उचलायचे, की चाकं जागीच भिरभिरली. हा इंजिन जरा गुरगुरेल इतकंच ठेवायचा. त्याच्या गाडीचा आवाज बदलायचा नाही. शेपूट खाली बसायची आणि गाडी निघालेली असायची. दातांच्या एका डॉक्टरने, ज्याच्याकडे नवी कोरी महागाची गाडी होती, एकदा त्याला विचारलं, "मामा, क्लच सोडता कसा?"

"सोडायचाच नाही डॉक्टर. द्यायचा. भरलेली कपबशी समोरच्याच्या हातात देता ना, तसा. त्याने धरली असं वाटलं की मग बोटं काढायची."

डॉक्टरने ते ध्यानात ठेवलं. सहा महिन्यांनी त्याला बक्षीस मिळालं तेव्हा माइकवर त्याने ह्याच कपबशीचं उदाहरण दिलं आणि "माझ्या स्वतःच्या अनुभवातून सांगतो" असं म्हणाला. हवामामा माझ्या शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दिली ना मी कपबशी? मग आता त्याचीच." आणि पान्हा पुसत बसला. मला वाईट वाटलं, पण मीही काही बोललो नाही.

मी तिथे काय करत होतो ते सांगायला हवं. मी वजनंमापं तपासणाऱ्या कचेरीत चौतीस वर्षं कारकून होतो. निवृत्त झालो तेव्हा घरात पायात पाय यायला लागले. क्लबला रेषेपाशी उभा राहून गाड्यांना हाताने पुढे-मागे करायला सांगणारा माणूस हवा होता. हवामामाने माझं नाव सुचवलं. "आमच्या दाजींना घ्या," तो म्हणाला, "त्यांना कुणाची बाजूच घेता येत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

त्याला एकच गोष्ट हवी होती. पाव मैल पंधरा सेकंदांच्या आत. इंजिनाला हात न लावता, आणि गिऱ्हाइकांना बसवतो तेच साधे टायर लावून. ह्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. डॉक्टरची गाडी तेरा सेकंदांत जायची. पण ते इंजिनाचं काम होतं. हवामामाची गाडी जशी होती तशी साडेसोळाची होती, आणि तिथून त्याने ती फक्त सुरुवात सुधारत, फक्त पकडीवर, पंधरा शून्य पाचपर्यंत आणली होती. त्यासाठी सहा वर्षं लागली होती. मग तीन वर्षं काटा तिथेच अडकला. पंधरा शून्य सात. पंधरा शून्य नऊ. पुन्हा पंधरा शून्य पाच. दुकानाचा मालक त्याला सोमवारी विचारायचा, "काय रे, चौदा लागले का?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणायचा, "पंक्चरवाल्याने पंक्चर काढावं."

त्याची बायको ह्या सगळ्याला विटली होती. एकदा आमच्यासमोरच म्हणाली, "माझी पाठ धरली तर बाम लावायला ह्यांना वेळ नाही. त्या मागच्या चाकांना मात्र रोज मालिश."

"तुझी पाठ पंधराच्या आत येणार आहे का?" तो म्हणाला. ती हसली, पण हसून झाल्यावर स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

चिठ्ठीवर शेवटच्या वेळेबरोबर पहिल्या साठ फुटांची वेळही छापून यायची. इतर लोक शेवटचा आकडा बघायचे. हा पहिला बघायचा. "पुढे इंजिन पळतं, माणूस नुसता बसलेला असतो. माझी शर्यत साठ फुटांत संपते," म्हणायचा. त्याचे सगळ्यात चांगले साठ फूट दोन एकतीस होते, म्हणजे दोन सेकंद आणि वर एकतीस शतांश.

मग धावपट्टी विकली गेल्याचं कळलं. तिथे गोदामं होणार होती. शेवटचा रविवार ठरला आणि दुपारी साडेबाराला जागा ताब्यात द्यायची होती. त्या महिन्यात हवामामा रोज दुकान बंद झाल्यावर, अंधार पडायच्या आत, आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी आणून नुसता क्लच द्यायचा सराव करायचा. दहा फूट पुढे, दहा फूट मागे. शेजारचे मला विचारायचे, "तुमच्या मेहुण्याला गाडी शिकायची आहे का?"

त्या रविवारी सकाळी धावपट्टी झाडणाऱ्या ट्रॅक्टरचं मागचं टोक डाव्या पट्टीतल्या डोळ्याला लागलं. हा डोळा म्हणजे रेषेवर लावलेला एक छोटा खांब. त्यातून जमिनीपासून दोन बोटं उंचीवर प्रकाशाचा एक किरण पट्टीपलीकडच्या समोरच्या खांबाकडे आडवा जातो. गाडीचं पुढचं चाक किरणात आलं की गाडी रेषेवर आली असं धरतात. चाक किरणातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं. ट्रॅक्टरने त्या खांबाची बैठक मोडली. वायरमनने खाली लाकडाचा एक तुकडा सारला, खांब उभा केला, समोरचाही तसाच उचलला आणि दिवा लागला म्हणून तो उठून चालायला लागला.

मी वाकून बघितलं. किरण चार बोटांवर गेला होता.

चाक गोल असतं. अगदी खाली त्याचा थोडाच भाग किरण अडवतो, जरा वर गेलं की जास्त रुंद भाग अडवतो. म्हणजे गाडी सुटल्यावर चार-साडेचार इंच जास्त पुढे जाणार आणि मग घड्याळ जागं होणार. तेवढं अंतर फुकट. मी जन्मभर दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेल्या गोष्टी शोधत आलो होतो. मला हे कळायला क्षणही लागला नाही.

"अहो, उंच झालाय हा," मी वायरमनला म्हणालो.

"काका, दिवा लागतोय ना? मग झालं."

"पण वेळ..."

"चीफना सांगा."

चीफ म्हणजे क्लबचा मुख्य पंच. तो तेव्हा माइकवर कुणावर तरी तोंडसुख घेत होता. त्याच्या घशाच्या शिरा मला लांबून दिसत होत्या. मी ठरवलं, जरा निवळला की सांगू. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

पहिल्या चार-पाच जोड्या गेल्या. डाव्या पट्टीतल्या प्रत्येकाची वेळ थोडी सुधारली. डॉक्टर डाव्या पट्टीतून गेला आणि स्वतःच्या चिठ्ठीकडे बघून नाचायला लागला. चीफ माइकवर म्हणाला, "आज ट्रॅक गरम आहे! शेवटच्या दिवशी ट्रॅक आपल्याला निरोप देतोय!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. आता सांगायचं म्हणजे सगळ्यांच्या चिठ्ठ्या रद्द करायला लावायच्या. मी दोन वेळा चीफच्या टेबलापर्यंत गेलो. एकदा त्याने माझ्याकडे बघून "काय?" असंही विचारलं. मी म्हणालो, "पाणी मिळेल का?"

सव्वाअकराला हवामामा आला. सोडतीत त्याला डावी पट्टी आली होती. पाण्याला वळसा घालून, कोरड्यावर दोन क्षण चाकं फिरवून तो रेषेकडे यायला लागला. मी हाताने त्याला पुढे बोलावत होतो. अजून, अजून, इंचभर. थांब. त्याने काच खाली केलेली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, आज हाताला चांगलं लागलं. जमीन धरतेय." मी मान हलवली.

तो सुटला. मी इतक्या वर्षांत त्याचं इतकं सुंदर सुटणं बघितलं नव्हतं. हे मी आज उगाच बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. चाकांचा आवाजच आला नाही.

चौदा अठ्ठ्याण्णव.

माइकवर आकडा आला आणि लोक धावले. ज्यांनी त्याला नऊ वर्षं सही दिली नाही त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो इकडे तिकडे मान वळवत मला शोधत होता. मी रेषेवरून हललो नाही, पुढच्या गाड्या उभ्या होत्या. अजून सव्वा तास होता. चीफने दोनदा विचारलं, "मामा, अजून एक फेरी?" हवामामाने हात जोडले. "नको. पोट भरलं." त्याचा चेहरा मी बघितला. म्हटलं, राहू दे. सात शतांशांनी कुणाचं काय बिघडतं? उलट ह्याला ते हवंच होतं. आणि साडेबाराला फाटकाला कुलूप लागलं.

बुधवारी दुपारी तो आमच्याकडे आला. दुकानातून त्या वेळी तो कधीच निघत नसे. बायको बाजारात गेली होती. त्याने खिशातून एक जाड पाकीट काढलं. नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने लावल्या, अगदी टोकापर्यंत, मीठ-साखरेच्या बरण्या बाजूला सारून. सगळ्यात शेवटी नवी.

"दाजी, बसा. तुम्हाला एक दाखवतो. हिशेब तुमचा चांगला आहे, माझं चुकत असेल तर सांगा."

"काय?"

"हे बघा. इथे मी साठ फुटांत चार शतांश सुधारले, तर शेवटी सात सुधारले. इथे तीन, तर शेवटी सहा. इथे पाच, शेवटी नऊ. दर वेळेला. सुरुवातीला जोरात निघालेली गाडी तो जोर पुढेही घेऊन जाते, म्हणून शेवटी दुपटीच्या आसपास मिळतं. बरोबर?"

"बरोबर."

"आता ही रविवारची. साठ फुटांत दोन चोवीस. म्हणजे सात सुधारले. मग शेवटी बारा-तेरा दिसायला हवेत. पण शेवटी किती? सातच. सात ते सातच. पुढे एक शतांशही नाही." त्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं. नखाखाली काळं होतं. "हे पकडीने मिळालेलं नाही. हे रेषेवरच मिळालंय, घड्याळ सुरू व्हायच्या आधी."

मी दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

"डोळा हलला होता का, दाजी?"

खोटं बोलायला मला तिथे पुरेसा वेळ होता. त्याला तेच ऐकायचं असावं असंही मला वाटलं. पण मी म्हणालो, "हो. ट्रॅक्टर लागला होता. दोन बोटं वर गेला होता."

"तुम्हाला कधी कळलं?"

"साडेनऊला."

"सकाळी?"

"हो."

त्याने चिठ्ठीवरचं बोट काढलं. मग हळूच, मला न विचारता, स्वतःशीच मोजत असल्यासारखा म्हणाला, "माझी फेरी सव्वाअकराला. बंद झालं साडेबाराला." मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मला परत जाता आलं असतं. उजव्या पट्टीने. दाजी, त्या दिवशी जमीन धरत होती हो."

मी म्हणालो, "तू इतका खूश होतास..."

"मी खूश होतो कारण मला वाटलं ते मी केलं."

त्याने चिठ्ठ्या गोळा केल्या. भराभर नाही, एकेक करून, तारखांच्या क्रमाने. बरण्या परत जागेवर ठेवल्या. दाराशी चपला घालताना म्हणाला, "ताईला सांगू नका. तिला तुमचा राग येईल." आणि गेला.

त्यानंतर तो लोकांना सांगत सुटला. डॉक्टरकडे त्याच्या दवाखान्यात गेला आणि रांगेत बसून नंबर आल्यावर सांगितलं, की आपल्या दोघांच्याही वेळा खोट्या आहेत, डोळा वर होता. डॉक्टर म्हणाला, "मामा, छापून आलंय ना? मग कशाला उकरता? उगाच माझं बक्षीस घालवाल." चीफसाठी त्याने माझ्याच बायकोकडून एक पत्र लिहून घेतलं, की आपली वेळ रद्द करून पंधरा शून्य पाच लिहावी. उत्तर आलं नाही. क्लबही उरला नव्हता म्हणा. दुकानाच्या मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "इतके दिवस चौदा लागत नाहीत म्हणून रडत होतास, आता लागले म्हणून रडतोस. तुझं काय करायचं रे?"

सगळे त्याला एकच विचारायचे, "पण तुला सांगितलं कुणी?" तो म्हणायचा, "टायरने." माझं नाव त्याने कधी घेतलं नाही. मी त्यासाठी त्याचे आभार मानायला हवे होते. तेही राहिलं.

तो येत राहिला. ताईला भेटायला, पूर्वीसारखाच. मला दाजी म्हणायचा, प्रकृती विचारायचा, माझ्या स्कूटरची हवा बघून जायचा. फक्त गाडीबद्दल बोलायचा नाही. दुसरं काही बोलायला आमच्याकडे कधी नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. गाडी त्याने दुकानामागच्या बोळात उभी केली. पुढच्या वर्षी तिचे चारही टायर बसले. टायरवाल्याच्या गाडीचे टायर बसलेत म्हणून बोळातले लोक हसायचे. त्याने त्यांत हवा भरली नाही. जवळची दुसरी धावपट्टी तीनशे मैलांवर होती. मी एकदा धीर करून म्हटलं, "आपण दोघं जाऊ या का तिथे?" तो म्हणाला, "गुडघे टेकून खाली बसलो तर आता मला उठवायला दोन माणसं लागतात, दाजी." त्यात कुचकेपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी तो गेला. छातीतून कळ आली तेव्हा दुकानातच होता, एका गाडीचं चाक अर्धं बसवून झालेलं.

त्यानंतर मालकाने दुकानाच्या दर्शनी बाजूला वर त्याचा मोठा फोटो लावला. खाली लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'आमचे हवामामा, पाव मैल १४.९८ सेकंद, साध्या टायरवर.' त्यामुळे गिऱ्हाइकं वाढली असं ऐकतो. मागच्या आठवड्यात स्कूटरमध्ये हवा भरायला मी तिथे थांबलो. फोटो चांगला आहे. बराच वेळ उभा राहिलो, तशी मालकाने आतून विचारलं, "काय काका, आठवण येते का?"

मी म्हणालो, "तो आकडा चूक आहे."

"काय?"

"पंधरा शून्य पाच. त्याची खरी वेळ पंधरा शून्य पाच होती. डोळा वर गेला होता, मला माहीत होतं. मी तिथेच उभा होतो."

मालक हसला. "अहो काका, इतक्या वर्षांनी? आणि फरक किती तर सात शतांश! माणूस गेला, आता त्याचे सात शतांश कशाला कमी करता?"

मी म्हणालो, ते त्याचे नव्हतेच. त्याचं जे होतं ते करायला त्याच्याकडे त्या दिवशी सव्वा तास होता. पण तोवर कॉम्प्रेसर सुरू झाला होता, आणि माझा आवाज पहिल्यापासूनच बारीक. मालकाने कानामागे हात धरून पुन्हा "काय?" असं केलं. मी हाताने स्कूटरच्या मागच्या चाकाकडे खूण केली आणि म्हणालो, "चोवीस ठेवा."